चरफाळाघ

भाचा म्हणाला, मावशी, सगळीकडं एकच पासवर्ड?
एक किल्ली पडली की अख्खं घर गेलं म्हणून समज.
प्रत्येक साइटला वेगळा कर.
आणि कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून ठेवू नको.
एवढं सांगून तो पुण्याच्या गाडीला लागला,
मी महापालिकेचं पान उघडून बसलो.
बसलो. आमच्यात बायकाही बसलो, उठलो, जेवलो म्हणतात.
भाच्याची बायको हसती. हसू दे.

घरफाळा भरायचा होता.
पानाच्या डोक्यावर तेवढाच ठळक शब्द,
आणि तोंडात आपसूक आलं:
चरफाळाघ.

बत्तीस वर्षं जिभेवर नव्हती ही भाषा.
पहिलं अक्षर उचलायचं, शेवटाला नेऊन ठेवायचं,
रिकाम्या जागी च बसवायचा,
काना-मात्रा मात्र जागची हलवायची नाही.
वीज: चीजव. गॅस: चॅसग. पेन्शन: चेन्शनप.
त्यापुढं नावात अक्षरं किती, तो आकडा.
त्यापुढं एक गोष्ट, ती इथं लिहिणार नाही.
ध्यानात ठेवायचा फक्त नियम,
बाकीचं ज्याचं त्याचं नावच पुरवतंय.

भाषा रेहानाची.
कपिलतीर्थ मंडईत तिच्या अब्बांचा लिंबांचा ढीग,
शाळा सुटली की आम्ही तिथं पोत्यावर.
कोण मास्तर कुणाकडं बघतो, कुठला पिक्चर लागलाय,
सगळं च लावून, अब्बांच्या देखत.
ते ऐकूच न आल्यासारखे.
त्यांची भाषा वेगळी होती:
दलालाच्या हातावर टॉवेल टाकायचा,
आत बोटं बोलायची,
वर दोघांचे चेहरे कोरे.
एकदा लिंबं मोजता मोजता म्हणाले,
तुमचं मला सगळं कळतंय, पोरींनो.
माझं कळतंय का तुम्हाला?

घोटाळा झाला बँकेत.
करवीर श्रमिक सहकारी. चरवीरक, चार, आणि ती गोष्ट.
मार्चात ती कुठल्या मोठ्या बँकेत मिळाली,
पाटी उतरली, पासबुक निळं झालं.
नव्या नावाला नियम लावला. चूक.
कॅपिटल बघून परत लावला. चूक.
आता चुकलं तर खातं बंद, असं लाल अक्षरात.
चहा थंड झाला तरी बोट उचललं नाही.
मग जुनं नाव घातलं.
उघडलं.

पैसे बघायचे सोडून मी नुसतं बघत राहिलो.
मला तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहून दिलं: वसुधा.
आधारवर वसुधा, रेशनवर वसुधा,
दारावर तर नुसतं आडनाव.
हेमलता कुठल्या खात्यात पडून असंल,
कोण विचारायला जातंय.

परवा मंडईत पाठमोरी एक बाई.
प्रत्येक लिंबू अंगठ्यानं दाबून बघणारी, एकही न घेणारी.
ते दाबणं ओळखलं मी.
पण खात्री कशी करायची? नावानं हाक मारावी
तर तेही बदललं असंल.
शेजारच्या मेथीवाल्याला जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं,
चेहानार.

ती वळली नाही.
हातातलं लिंबू ठेवलं, दुसरं उचललं,
आणि पाठमोरीच म्हणाली,
चायक?

मग वळली. चष्मा कपाळावर, केसांना मेंदी.
माझ्या सासरी आजवर कुणी न उच्चारलेलं नाव
तिनं घेतलं,
ह शेवटाला टाकून, अगदी बरोबर.

दहाला तीन लिंबं म्हणून दोघी मिळून भांडलो.
मेथीवाला म्हणाला, कुठल्या देशाच्या म्हणायच्या ह्या?

रात्री आठवलं,
नियम आता एकटीला ठाऊक नाही.
भाच्याच्या हिशेबानं सगळे पासवर्ड आजच बदलायला हवेत.
घरफाळ्याची पावती आली होती, ती डब्यात ठेवली.
बदलले नाहीत.